आधी सासूबाईंची पैठणी उघडा

ताई, नमस्कार. सासूबाई-सासऱ्यांच्या लग्नाला मे महिन्यात ५० वर्षं पूर्ण होताहेत. हॉल, केटरर असं काही नको, त्यापेक्षा सगळे मिळून डोंगरात जाऊ आणि छान फोटो काढून घेऊ, असं ठरलंय. जागा अंजनेरीच्या पायथ्याची. आम्ही ११ जण आहोत. सासरे ७६ वर्षांचे, सासूबाई ७१. मी, माझे यजमान, १४ वर्षांचा मुलगा आणि ९ वर्षांची मुलगी. पुण्याचे दीर, जाऊ आणि त्यांचं १० महिन्यांचं बाळ. निफाडची नणंद आणि तिचे यजमान. कपड्यांवरून घरात चार मतं झालीत. जाऊ म्हणते, सगळ्यांनी क्रीम-बेज घालायचं. तिने डोंगरातले तसे फोटोही पाठवलेत. नणंदेचे यजमान म्हणतात, पांढरा शर्ट आणि जीन्स, विषय संपला. मुलाला त्याचा काळा, मोठ्या अक्षरांचा टी-शर्टच हवाय. सासूबाई म्हणतात, 'मी माझी पैठणीच नेसणार.' येवल्याची आहे, वांगी रंगाची, नणंदेच्या लग्नात घेतलेली. त्यात नणंद म्हणते, माझं वजन वाढलंय, मी फोटोत नसले तरी चालेल. सगळ्यांना एकसारखे कपडे घ्यावेत का? कोणता रंग? आणि डोंगरात, मे महिन्यात पैठणी नको, हे सासूबाईंना कसं समजावू?
— एक सून, पाथर्डी फाटा, नाशिक

सासूबाईंना समजवायला जाऊ नका. त्यांचं बरोबर आहे. तुमच्या घरातल्या चार मतांपैकी त्या डोंगराला शोभणारं मत एकच आहे आणि ते त्यांचं आहे.

अंजनेरी म्हटलं की तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जुलै-ऑगस्टमधली अंजनेरी येत असणार. धुकं, धबधबे, हिरवागार पायथा. मे महिन्यात एकदा त्र्यंबक रोडने सहज चक्कर मारून या. घरापासून तासाभराच्या आतलं काम आहे. गवत वाळून गव्हाच्या काडासारखं झालेलं असतं. मुरूम तांबूस, कातळ काळा. हिरव्या म्हणाल तर करवंदीच्या जाळ्या आणि मधूनच एखादं आंब्याचं झाड. कुठे वणव्याने जळलेला काळा पट्टाही दिसेल. हा डोंगर मला फार आवडतो, त्याला उगाच उजाड म्हणू नये, पण त्याचा रंग कोणता आहे हे आधी मान्य करायला हवं. तुमच्या जाऊबाईंनी पाठवलेले फोटो हिरव्या कुरणातले नाहीतर देवदारांच्या जंगलातले असणार. तिथे क्रीम रंग उठून दिसतो. आपल्याकडे मे महिन्यात गवतच बेज असतं. त्यात ११ जण बेज घालून उभे राहिले, तर माणसं गवतात मिसळून जातील आणि लांबून काढलेल्या फोटोत नुसते चेहरे दिसतील.

उलट वांगी रंग बघा. पिवळ्याच्या समोर जांभळा जितका खुलतो, तितका दुसरा कुठलाच रंग खुलत नाही. शेवंतीच्या वेणीत मधूनच एखादं जांभळं फूल ओवतात, ते उगाच नाही. वाळल्या गवतावर वांगी, डाळिंबी, गडद निळा, रामा, मोरपंखी हे रंग नीट उभे राहतात. तुमच्या सासूबाईंच्या कपाटात हा रंग आधीच आहे. पैठणी उभ्या-आडव्या धाग्यांच्या वेगळ्या रंगांनी विणलेली असेल, म्हणजे धूपछाव असेल, तर चालताना ती कधी वांगी, कधी डाळिंबी दिसेल. असं कापड फोटोसाठी भाड्याने आणायचं म्हटलं तरी मिळणार नाही.

एक अनुभव सांगते, कारण मी इतक्या ठामपणे का बोलते आहे ते तुम्हाला कळायला हवं. माझ्या आईच्या एकसष्टीला आम्ही भावंडांनी सगळ्यांना एकाच रंगाचे कपडे घेतले होते. आईला नवी कोरी, खडे लावलेली नेटची साडी घेतली. त्या दिवशीचे जवळपास दीडशे फोटो आहेत आणि बहुतेक सगळ्यांत आईचा उजवा हात खांद्यावर आहे, घसरणारा पदर धरून. परत येताना इगतपुरीच्या अलीकडे आम्ही जेवायला थांबलो, तिथे तिने साडी बदलली आणि घरची जुनी सुती साडी नेसून झाडाखाली बसली. माझ्या भाचीने फोनवर सहज एक फोटो घेतला. आई आता नाही. घरात लावलेला फोटो तोच आहे. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस ज्या कपड्यांत निवांत असेल, तिथून सुरुवात करायची आणि बाकीच्यांनी त्याला जुळवून घ्यायचं. तरुण माणूस काहीही घालून उभा राहू शकतो. ७१ वर्षांच्या बाईला तसं सांगू नये.

आता करायचं काय ते सांगते. एखाद्या सकाळी सासूबाईंना पैठणी काढायला सांगा. खिडकीजवळ स्वच्छ चादर अंथरा आणि पदर पूर्ण उघडा. ट्यूबलाइटखाली नको, दिवसाच्या उजेडात. त्या पदरात मोर असतील, आसावलीची वेल असेल, मुनिया म्हणजे छोटे पोपट असतील. त्यांतले रंग मोजा. पाच-सहा तरी निघतील. वांगी, काठाचा रंग, मोराच्या गळ्याचा निळा-हिरवा, पानांचा पोपटी, जरीचा सोनेरी. तुमच्या ११ जणांचे रंग याच पदरातून घ्यायचे. सगळ्यांना वांगी नको. वांगी त्यांची एकटीची राहू द्या, तो दिवस त्यांचा आहे. बाकीचे मोराच्या निळ्यात, डाळिंबीत, मोतिया रंगात वाटून घ्या. मग घरातले कपडे त्या पदराशेजारी आणून ठेवा, नवी खरेदी नंतर. पंधरा-वीस फूट लांब जाऊन फोनवर फोटो घ्या आणि तो कृष्णधवल करून बघा. दोन कपडे एकाच राखाडी छटेचे झाले, तर ती दोन माणसं शेजारी उभी करायची नाहीत, एवढंच लक्षात ठेवायचं. जाऊ पुण्याला, नणंद निफाडला, म्हणून त्यांना पदराचा दिवसाच्या उजेडातला फोटो पाठवा आणि यातला कोणता रंग तुमच्याकडे आहे, असं विचारा. 'हे घाला' असं सांगण्यापेक्षा या प्रश्नाने घरातली निम्मी भांडणं मिटतात.

पैठणीची तुमची खरी काळजी मे महिन्याच्या उन्हाची आहे आणि ती रास्त आहे. तिचं उत्तर वेळेत आहे. आपलं नाशिक बरोबर २० अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे २० मेच्या आसपास भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. अशा उन्हात कपाळाची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते, पैठणीची जर नुसती चमकते आणि माणसं कपाळाला आठ्या घालून उभी राहतात. म्हणून दुपारचा विचारच सोडा. मेच्या मध्यावर सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सातनंतर मावळतो. मी तुम्हाला सकाळच सुचवेन. डोंगर शहराच्या पश्चिमेला आहेत, सकाळचं कोवळं ऊन समोरून त्यांच्यावर येतं. संध्याकाळी सूर्य डोंगरामागे लवकर दडतो आणि पायथ्याला वेळेआधीच सावली येते. शिवाय संध्याकाळी वारा फार असतो, त्यात पदर आणि केस सावरण्यातच वेळ जाईल. पावणेसहाला जागेवर असा, पावणेआठला आवरतं घ्या. त्या दोन तासांतही पैठणी पहिल्या तासातच. नंतर सासूबाईंना साधी सुती साडी नेसू द्या आणि नातवंडांबरोबरचे मोकळे फोटो त्या साडीत काढा.

पैठणीखालचा ब्लाउज मात्र बदला. जाड अस्तराचा रेशमी ब्लाउज काखेत भिजतो आणि रेशमावरचा घामाचा डाग सहसा जात नाही. कोपरापर्यंत बाह्यांचा, सुती, डाळिंबी नाहीतर मोरपंखी ब्लाउज द्या. पदराला दोन पिना लावा, एक खांद्यावर आणि एक कमरेशी. फोटोग्राफरला सांगा की वारा ज्या बाजूने येतोय तिकडे त्यांचा उजवा खांदा ठेव. म्हणजे डाव्या खांद्यावरचा पदर बाहेरच्या बाजूला उडेल, चेहऱ्यावर येणार नाही. आणि कुसळं! वाळल्या गवताची कुसळं रेशमात, नेटमध्ये, लोकरीत अशी रुततात की काढता काढता धागा ओढला जातो. त्यामुळे सासूबाईंना गवतातून चालवत नेऊ नका. पायवाटेच्या कडेला, कातळाजवळ जागा बघा. बसायला घरची लाकडी खुर्ची न्या, गाडीत मावते. घोंगडी अंथरणार असाल तर तिच्यावर सुती चादर टाका, नाहीतर लोकरीच्या राठ तंतूंत पैठणीची जर अडकेल.

सासऱ्यांच्या कपड्यांबद्दल तुम्ही पत्रात एक अक्षर लिहिलेलं नाही. घरातले वडीलधारे पुरुष काहीच मागत नाहीत, म्हणून ते राहून जातात. त्यांना विचारा. धोतर-सदरा नेसत असतील तर तेच, पायजमा-झब्बा असेल तर तो. पांढरं चालेल, ११ जणांत एकच पांढरा असला तर तो फोटोचा मध्य होतो आणि वांगी रंगाशेजारी सुरेखच दिसेल. फक्त नीळ दिलेलं पांढरं नको, ते सावलीत निळसर दिसतं. मोतिया, खादीचं पांढरं बघा. त्यांचा चष्मा उन्हात काळा होणारा असेल तर साध्या काचांचा जुना चष्मा बरोबर घ्या. नाहीतर ५० वर्षांच्या संसाराच्या फोटोत त्यांचे डोळेच दिसायचे नाहीत. टोपी घालत असतील तर एक फोटो टोपीसकट आणि एक टोपीशिवाय. टोपीने कपाळ झाकतं, पण ती त्यांची ओळख असेल तर ती काढायला लावू नये.

पांढरा शर्ट-जीन्सवर नणंदेच्या यजमानांना काय सांगाल? पांढऱ्याचा ढीग उन्हात उभा केला की कॅमेरा त्या झगझगाटाला सांभाळायला सगळं काळवंडून टाकतो आणि आपले गव्हाळ-सावळे चेहरे आणखी गडद येतात. जीन्सचा रंग मात्र त्यांनी बरोबर निवडलाय. निळा या डोंगराला हवाच आहे, पण जाड कापड मे महिन्यात नको. त्यांना गडद निळा खादीचा नाहीतर सुती झब्बा आणि फिकट पायजमा सुचवा. पुरुषांच्या कपड्यांत दोन गोष्टी टाळा. फिकट आकाशी आणि राखाडी शर्टावर घामाचे ओले डाग सगळ्यात जास्त उठून दिसतात. गडद निळ्यावर आणि पांढऱ्यावर ते फारसे कळत नाहीत. आणि बारीक चौकड्या किंवा बारीक रेघा नकोत, कॅमेऱ्यात त्या थरथरल्यासारख्या दिसतात. पॉलिस्टर तर कोणालाच नको. लिनन छान, पण गाडीत बसून चुरगळतं, म्हणून हँगरला लावून न्या आणि तिथे बदला.

जाऊबाईंचा क्रीम रंग पूर्ण नाकारू नका. एवढ्या उत्साहाने तिने फोटो शोधून पाठवलेत. तिला मोतिया कुडता आणि त्यावर मोरपंखी ओढणी शोभेल. बाळ तिच्या कडेवर असणार, म्हणून बाळाला फिकट कपडे घालायचे नाहीत, नाहीतर ते आईच्या कुडत्यात हरवतं. डाळिंबी मलमलचं झबलं, तेही एकदा-दोनदा धुऊन मऊ झालेलं. घरात कुणी हाताने शिवलेली कुंची असेल तर ती घाला. बाळाचे कपडे तीन जोड न्या. मणी, टिकल्या, सुटी बटणं असलेलं काही नको. बाळाच्या झोपेच्या वेळेवरून सगळी वेळ ठरवा, बाकीचे जुळवून घेतील.

मुलाचा प्रश्न तुम्हाला वाटतो तेवढा कठीण नाही. काळा रंग चालला असता, अडचण अक्षरांची आहे. छातीवर मोठी अक्षरं असली की फोटो बघणारा आधी ती वाचतो, चेहरा नंतर. त्याला हे कारण सरळ सांगा, १४ वर्षांच्या मुलाला कारण सांगितलेलं आवडतं. मग गडद निळा, बाटलीहिरवा आणि विटकरी असे तीन साधे टी-शर्ट किंवा आखूड झब्बे समोर ठेवा आणि निवड त्याच्यावर सोडा. काळा टी-शर्ट बरोबर घेऊ द्या. शेवटी आजोबांबरोबर त्याचा एक फोटो त्या टी-शर्टातही काढा. तोही त्याचं या वयाचं रूप आहे.

मुलीला खणाचा परकर-पोलका शिवून घेता आला तर फार छान. खण सुती मिश्रणाचा बघा, घोट्याच्या वर असू द्या म्हणजे पळता येईल. नेटचा फ्रॉक नको, कुसळांनी भरून जाईल. मेअखेरीला करवंदं पिकलेली असतात, मुलं जाळीकडे धावणारच. खाऊ द्या, पण मुख्य फोटो झाल्यावर. करवंदाचा आणि जांभळाचा डाग फिकट कपड्यावरून निघत नाही.

आता तुमच्या नणंदेबद्दल, आणि हे मी सगळ्यात मनापासून लिहिते आहे. 'मी नसले तरी चालेल' असं जी म्हणते, तिला फोटोत यायचं असतं. आपण कशा दिसू याची तिला भीती असते. 'काळं घाल, बारीक दिसशील' असं तिला कुणीही म्हणू नये, तुम्हीही नाही. तिला आवडणारा रंग विचारा. मऊ सुती किंवा महेश्वरी साडी, जी अंगावर फुगून न राहता सरळ पडते, ती तिला सोयीची होईल. ताठ ऑरगंझा आणि खूप स्टार्च केलेली सुती साडी टाळा. आणि फोटोत ती कुठे उभी राहते याला कपड्यांपेक्षा जास्त महत्त्व आहे. फोनने किंवा रुंद लेन्सने घेतलेल्या फोटोत कडेची माणसं ताणली जाऊन रुंद दिसतात. ती लाजून कडेला जाऊन उभी राहील आणि मग फोटो बघून आणखी वाईट वाटून घेईल. तिला आईच्या खुर्चीमागे, मध्याजवळ उभी करा, हात आईच्या खांद्यावर. फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवा की जवळ येऊन रुंद लेन्सने काढू नको, मागे जाऊन काढ. तिला मात्र हे काही सांगू नका, फक्त 'आईच्या मागे तूच उभी राहा' एवढं म्हणा. पैठणी तिच्याच लग्नातली आहे ना!

राहिलात तुम्ही. पत्रात तुम्ही इतरांच्या कपड्यांचा विचार केलाय, स्वतःचा नाही. रामा किंवा डाळिंबी रंगाची हलकी सुती साडी नेसा आणि तिची तयारी आदल्या रात्रीच करून ठेवा. सकाळी सगळ्यांचं आवरून देण्याच्या गडबडीत तुम्हीच घामाघूम होऊन पोचाल, असं होऊ देऊ नका. बाळाची पिशवी दिरांकडे आणि खुर्ची-चादर तुमच्या यजमानांकडे सोपवा.

चपला-बूट शेवटपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाहीत. चामड्याच्या तळव्याची कोल्हापुरी वाळल्या गवतावर आणि मुरमावर घसरते. चालताना बूट घाला, जागेवर पोचल्यावर बदला. भडक हिरवे-नारिंगी स्पोर्ट्स शूज फोटोत नकोत.

आणखी तीन गोष्टी, यांत मात्र तडजोड नको. अत्तर-परफ्यूम त्या दिवशी कुणीही लावायचं नाही. आपल्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात आणि उग्र वासाने माश्या चवताळू शकतात. फोटोग्राफर रंगीत धुराच्या कांड्या, फुलबाज्या किंवा हवेत सोडायचे पेटते कंदील सुचवेल तर ठाम नाही म्हणा. मे महिन्यातल्या गवताला एक ठिणगी पुरते आणि अख्खी उतरण पेटते. झाडं-झुडपं, पाखरांची घरटी, सगळं जातं. अंजनेरी दुर्मीळ वनस्पती आणि गिधाडांसाठी राखलेला डोंगर आहे. तिसरी गोष्ट परवानगीची. वनखात्याच्या हद्दीत किंवा गावातल्या जुन्या देवळांच्या संरक्षित अवशेषांजवळ ट्रायपॉड लावून फोटो काढायचे असतील तर आधी विचारून घ्या. तिथे जाऊन परत फिरावं लागलं तर कोवळं ऊन हातचं जाईल. खाऊच्या पिशव्या गाडीत बंद ठेवा, माकडं प्लॅस्टिकच्या पिशवीवर झडप घालतात. पाणी आणि ताक भरपूर न्या, सासऱ्यांसाठी छत्री.

घरी आल्यावर पैठणी लगेच घडी करून कपाटात टाकू नका आणि उन्हातही घालू नका. दिवसभर पंख्याखाली, सावलीत मोकळी पसरून ठेवा. घाम पूर्ण वाळला की मऊ हाताने कुसळं बघून काढा आणि आधीची घडी जिथे होती तिथे न पाडता नवी घडी घाला, म्हणजे जरीवर एकाच जागी चीर जात नाही. मग धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळून ठेवा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका.